जुनी एसयूव्ही घेताना: रिकॉल, तक्रारी आणि चासिस नंबर

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की 'सिंगल ओनर आहे, नॉन-ॲक्सिडेंट आहे, सगळी सर्व्हिस शोरूमला झालीये' हे पाठ केल्यासारखं ऐकायला मिळतं. त्या गाडीवर कंपनीचा एखादा रिकॉल आहे का, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने ती परत बोलावली आहे का, असेल तर त्याचं काम झालंय का, हे मात्र मला एकाही विकणाऱ्याने आपणहून सांगितलं नाही. आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. घरात आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि सासरे. गावी गुहागरला जायचं तर जुन्या हॅचबॅकमध्ये सगळे मावत नाहीत. नवी सात सीटची गाडी परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेली एसयूव्ही घ्यायचं ठरलं. या खटपटीत जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या माणसांकडून कळलं. ज्यांना अशीच गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी ते एका जागी लिहिते आहे.

सुरुवात आमच्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगपासून केली. जी मॉडेल्स मनात होती त्यांच्यापैकी बरीचशी तिथेच उभी होती आणि मालक ओळखीचे. सगळ्यात उपयोगी माहिती मात्र सकाळी गाड्या पुसणाऱ्या मुलाने दिली. कुठल्या गाडीचं कार्पेट पावसाळ्यात ओलं असतं, कुठल्या गाडीखाली तेलाचा डाग पडतो, कुठल्या गाडीचा मागचा दरवाजा दोनदा आपटावा लागतो, हे त्याला रोज दिसतं. सनरूफवाल्या एका मॉडेलच्या दोन वेगवेगळ्या गाड्यांमध्ये एकाच जागी पाणी उतरतं, हे त्याच्याकडूनच कळलं. मालकांना विचारल्यावर त्यांनीही मान्य केलं. सनरूफच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या पानं-धुळीने तुंबल्या की ते आत झिरपतं.

मालकांच्या तक्रारी ऐकताना माझा सुरुवातीला गोंधळ उडाला, कारण सगळे एकाच सुरात वैतागलेले असतात. मागचा एसी कमी गार करतो हीही तक्रार, आणि सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखं लागतं हीही तक्रार. मग मी प्रत्येकाला विचारायला लागले की हे तुमच्या एकट्याच्या गाडीत आहे की तुम्ही आणखी कुणाकडून ऐकलंय, आणि यामुळे कधी गाडी ताब्यात राहणार नाही अशी वेळ आली का. बऱ्याच तक्रारी तिथेच गळून पडल्या. डिझेल गाड्यांचं उदाहरण घ्या. एका शेजाऱ्यांच्या बीएस-सिक्स, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांप्रमाणे बनलेल्या, डिझेल एसयूव्हीत डीपीएफचा दिवा सारखा लागतो आणि ते त्या मॉडेलला कायम नावं ठेवतात. तेच मॉडेल वापरणारे दुसरे एकजण दर आठवड्याला नाशिकला जातात, त्यांना हा दिवा आठवतही नाही. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती काजळी जाळून टाकायची तर इंजिन बराच वेळ सलग तापलेलं राहावं लागतं. मेट्रोच्या कामाने अडलेल्या घोडबंदर रोडवर मानपाडा ते वागळे इस्टेट असं रोज रखडत गेलं तर ती संधीच मिळत नाही. आमचा रोजचा वापरही तसाच, म्हणून आम्ही पेट्रोलवर आलो. मॉडेलला दोष द्यायचं मला तरी कारण दिसलं नाही.

ब्रेकवाल्या गृहस्थांचं बोलणं मात्र डोक्यात राहिलं. मी विचारलं, "तुम्ही वर्कशॉपला सांगितलंत?" ते म्हणाले, "तीनदा सांगितलं. ॲडव्हायजर म्हणतो, थंड असताना असं होतं." जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉप तक्रार आणि काम लिहून देतं त्या कागदावर, काय लिहिलंय ते त्यांनी घरातून आणून दाखवलं. 'जनरल चेकअप'. ब्रेकचा उल्लेख एकाही कार्डावर नव्हता.

ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते कायदा वाचल्यावर उमगलं. आपल्याकडे २०१२मध्ये वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने रिकॉलची आचारसंहिता आणली, पण ती ऐच्छिक होती. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-ए आलं आणि गाडी परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. सुरक्षेशी संबंधित दोष असेल आणि गाडी सात वर्षांपेक्षा जुनी नसेल तर मालकाला सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. त्या मॉडेलची वर्षाला किती विक्री होते त्यानुसार किती तक्रारी आल्या की चौकशी सुरू व्हावी, हे नियमात ठरवून दिलंय. कंपनीने आपणहून पाऊल उचललं नाही आणि सरकारला आदेश द्यावा लागला तर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. म्हणजे इथे तक्रारी मोजल्या जातात. जी तक्रार ॲडव्हायजरच्या कानाला लागून हवेत गेली ती या मोजणीत कुठेच नाही. आमच्या पार्किंगमध्ये इतकी माणसं इतकं बोलत होती आणि त्यातलं एक वाक्यही नोंदलेलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

त्याच काळात मी आधीचे रिकॉल वाचत बसायचे. काही आपल्या भागाला थेट लागू पडणारे निघाले. सप्टेंबर २०२१मध्ये मारुती सुझुकीने सियाझ, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या मॉडेल्सच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या परत बोलावल्या होत्या. मोटर जनरेटर युनिट हा विजेचा भाग तपासायचा होता. भाग बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, असं मालकांना सांगितलं होतं. आता ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात दर पावसाळ्यात पाणी भरतं. ज्याने अशी गाडी नंतर सेकंडहँड घेतली आणि हे काम झालंय का ते विचारलं नाही, त्याच्यापर्यंत ही सूचना पोचणार कशी? ऑगस्ट २०२३मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही७००च्या १,०८,३०६ गाड्या इंजिनकडच्या वायरिंगच्या तपासणीसाठी बोलावल्या. वायर घासली जाण्याचा धोका होता. बातम्यांमध्ये याला रिकॉल म्हटलं गेलं, पण कंपन्या अनेकदा 'इन्स्पेक्शन' किंवा 'सर्व्हिस कॅम्पेन' असे शब्द वापरतात. म्हणून विचारताना 'या चासिसवर एखादं कॅम्पेन किंवा इन्स्पेक्शन बाकी आहे का' असंच विचारावं.

कमी पैशात मोठी गाडी म्हणून दहा-बारा वर्षांच्या एसयूव्हीही आम्हाला दाखवल्या गेल्या. तिथे मी ताकाता एअरबॅगचा प्रश्न काढायचे. या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिल्यावर ते बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचं कवचच फुटून त्याचे तुकडे माणसाला लागतात. जगभरातल्या कोट्यवधी गाड्या त्यासाठी परत बोलावल्या गेल्या आणि ताकाता जून २०१७मध्ये दिवाळखोरीत गेली. भारतात होंडाने जून २०१९मध्ये बोलावलेल्या जुन्या गाड्यांमध्ये सीआर-व्हीसुद्धा होती. आपण खाडीकाठची माणसं, आपली हवा कशी असते ते सांगायला नको. अशा वयाची गाडी घ्यायचीच असेल तर इन्फ्लेटर बदलल्याचा कागद हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष गाड्या बघायला आम्ही तुर्भे-सानपाड्याकडच्या डीलरांपासून सुरुवात केली. एका ठिकाणी गाडी मनात भरली. रंग एकसारखा, टायर मूळचे, किंमतही आवाक्यात. मी चासिस नंबर, म्हणजे त्या गाडीचा ओळख क्रमांक, मागितला.

"मॅडम, चासिस नंबर असा नाही देत आम्ही. टोकन टाका, मग पूर्ण फाइल तुमच्या हातात."

"रिकॉल बाकी आहे का तेवढंच बघायचंय."

"रिकॉल नव्या गाड्यांना असतो हो. ही २०२१ची आहे."

मी विचारलं, टोकन दिल्यावर रिकॉल निघाला आणि आम्हाला गाडी नको असेल तर? उत्तर आलं, दुसऱ्या गाडीत ॲडजस्ट करू. त्या नंबरचा गैरवापर होईल अशी भीती त्याला असेल तर ती मला पटण्यासारखी होती. म्हणून मी म्हटलं, नंबर मला देऊ नका, तुम्हीच तुमच्या फोनवरून कंपनीच्या साइटवर टाका आणि मला फक्त निकाल दाखवा. त्यालाही तो तयार झाला नाही. माझ्या नवऱ्याला वाटत होतं की दुसरीकडे अशी मिळणार नाही, पण मी निघाले. एवढी साधी तपासणी जो करू देत नाही त्याच्याशी व्यवहार करायला मन धजत नव्हतं.

मग ओळखीतून नेरुळच्या एका निवृत्त काकांची गाडी कळली. एमएच ४३ पासिंग, २०२२ची, तीन रांगांची पेट्रोल. मॉडेलचं नाव इथे लिहीत नाही. काका आणि काकू दोघंच राहतात, गुडघ्यांमुळे काकांना आता गाडी चालवणं जड जातं. वागळे इस्टेटमधल्या आमच्या मेकॅनिक भाऊंना सोबत नेलं होतं. भाऊंनी प्रत्येक सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघितला, कारण पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीत बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीचा खड्डा, सीटखालचे स्क्रू, टायरवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्का, सगळं तपासलं. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांनी विझतो का, तेही त्यांनी मुद्दाम बघितलं. दिवा लागलाच नाही तर तोही संशयाचा भाग, असं ते म्हणाले. बिघाड झाकण्यासाठी काही जण दिवाच बंद करून ठेवतात. या गाडीत तो नीट लागला आणि नीट विझला.

काकांकडे चासिस नंबर मागितला तर ते म्हणाले, "अहो, आरसीचाच फोटो घ्या की." या नंबरात सतरा अक्षरं-आकडे असतात. इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच वापरत नाहीत, तेव्हा गोल दिसेल तो शून्यच धरायचा. आरसीवरचा नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी ताडून घेतला आणि रात्री घरी येऊन कंपनीच्या साइटवर टाकला.

रिकॉल बाकी होता. एअरबॅग कंट्रोलर.

एअरबॅग कंट्रोलर म्हणजे टक्कर झाली हे ओळखून एअरबॅग उघडायचा आणि सीटबेल्ट आवळून धरायचा हुकूम देणारा भाग. तो सदोष असेल तर आयत्या वेळी एअरबॅग उघडणारच नाही अशी शक्यता. सूचनेत पुढे लिहिलं होतं की भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नये. भाऊंना फोन केला. ते म्हणाले, "ताई, हे मला दिसलं नसतं. स्कॅनर लावला तरी कोड येईलच असं नाही." त्यांच्यासारख्या अनुभवी माणसाच्या नजरेतूनही जे सुटतं ते एका नंबरातून कळतं, आणि म्हणूनच मला मेकॅनिकची तपासणी आणि चासिसची तपासणी दोन्ही आवश्यक वाटतात.

लगेच काकांना फोन लावला. "काका, गाडी सध्या काढू नका." कारण सांगितल्यावर ते म्हणाले, "अहो, कालच नातीला घेऊन पनवेलला जाऊन आलो." त्यांना कसलीच कल्पना नव्हती. गाडी घेतली तेव्हा ते ऐरोलीला राहायचे आणि कंपनीकडे नंबर मुलाचा दिलेला होता. मुलगा परदेशात गेला, तो नंबर बंद झाला. पत्र ऐरोलीच्या घरी गेलं असेल तर ते तिथेच राहिलं. मालक एकच, पत्ता बदललेला, तरी सूचना चुकली. गाडी दोन-तीन हातांतून फिरली असेल तिथे काय होत असेल? काका मला म्हणाले, "तुम्ही घ्या न घ्या, हे काम मी आधी करून घेतो." त्या वाक्यावर मी मनातल्या मनात गाडी पक्की केली.

जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर ॲडव्हायजर म्हणाला, "दिवा लागत नाही ना? मग चालवत घेऊन या." मला राग आला. कंपनीची सूचना चालवू नका म्हणते आणि तिचंच सेंटर चालवत आणायला सांगतं. मी त्याला ती सूचना पाठवली आणि लेखी उत्तर मागितलं. थोड्या वेळात फोन आला की फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, पाठवतो. गाडी त्यावरून गेली. भाग यायला वेळ लागला, काम मात्र पूर्ण मोफत झालं. रिकॉलचं काम मोफतच असतं आणि गाडी कितव्याही मालकाकडे असली तरी ते त्या चासिसचं असतं. काम झाल्यावर जॉब कार्डवर कॅम्पेनचा क्रमांक आणि बदललेल्या भागाचं नाव लिहून घेतलं. काही दिवसांनी साइटवर पुन्हा नंबर टाकला तेव्हा काही बाकी दिसलं नाही. त्यानंतर पैसे दिले.

मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, विमा नावावर करणं, हे सगळं रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. एक गोष्ट मात्र आवर्जून केली. आरसी नावावर झाल्यावर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून या चासिसपुढे माझा मोबाइल आणि मानपाड्याचा पत्ता नोंदवायला लावला. आरटीओत नाव बदललं की कंपनीकडे आपोआप बदलतं असं बरेच जण धरून चालतात. कंपनीकडे जुनाच संपर्क राहू शकतो.

गाडी घरी आल्यावर धाकट्याने एक दिवस तिसऱ्या रांगेतून मधली डावी सीट मागून उचलली आणि ती सरळ पुढे उलटली. आम्हाला वाटत होतं ती लॉक झालेली आहे. मी पुन्हापुन्हा करून पाहिलं. सीट हलक्या हाताने खाली आणली तर लॅच, म्हणजे सीट अडकवणारा खटका, अर्धवट बसतं, बाहेरून बसल्यासारखं दिसतं. त्या सीटवर सासूबाई बसतात. कशेडीच्या उतारावर जोरात ब्रेक लागला तर काय, हा विचार डोक्यातून जाईना.

ठाण्यातल्या वर्कशॉपला गेले. ॲडव्हायजर म्हणाला, "मॅडम, जोरात आपटा, लागतं. सगळ्याच गाड्यांना असं आहे." मी म्हटलं, सगळ्याच गाड्यांना असेल तर ते लिहायलाच हवं. त्याने जॉब कार्डवर लिहिलं, 'सीट आवाज करते'. मी सही केली नाही. मग मी सांगितलं तसं त्याने लिहिलं: 'मधल्या रांगेतल्या डाव्या सीटचं लॅच पूर्ण बसत नाही. बसल्यासारखं दिसतं, पण मागून उचलल्यास सुटतं. प्रवासी बसलेला असताना सीट पुढे उलटण्याचा धोका.' हे लिहून होईपर्यंत मी काउंटरवरून हलले नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "लिहून घ्या ताई, माझंही असंच काहीतरी आहे."

लॅच बदललं. बिल आमच्याकडूनच घेतलं. ते बिल, जॉब कार्ड, सीट उलटतानाचा व्हिडिओ आणि काढलेला जुना भाग मी जपून ठेवलाय. मग वाहन पोर्टलवर रिकॉलसाठीची तक्रार नोंदवली. वर्णनात राग, पैसे, वर्कशॉपची वागणूक यातलं काही घातलं नाही. कुठला भाग, कधी आणि कसा सुटतो, त्याने कुणाला इजा होऊ शकते, एवढंच लिहिलं. पैशांबद्दलची आणि सेवेबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ क्रमांकावर, वेगळी केली. दोन्ही गोष्टी एकात मिसळल्या की सुरक्षेचा मुद्दा मागे पडतो.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये हेच मॉडेल असलेली आणखी एक गाडी आहे. त्यांच्या परवानगीने मी मधली सीट हलक्या हाताने खाली आणली आणि मागून उचलली. तीही सुटली. त्यांनी जॉब कार्डवर तेच शब्द लिहून घेतले आणि पोर्टलवर तक्रारही केली. ब्रेकवाल्या गृहस्थांनीही वर्कशॉपला परत जाऊन पेडलची तक्रार स्पष्ट शब्दांत लिहून घेतली, आणि यावेळी त्यांची गाडी दोन दिवस ठेवून घेतली गेली; व्हॅक्यूमची नळी बदलली. माझ्या सीटच्या तक्रारीवर कंपनीकडून अजून उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत प्रवासाला निघताना मधल्या सीटा मागून ओढून बघायचं काम आम्ही मोठ्या मुलाकडे दिलंय.